चुलीपुढचा काळा दगड

ही वही खरं तर मापांची. पुढच्या पानांवर छाती, कंबर, बाही, उंची असं यांच्या हातचं लिहिलेलं आहे. मागची पानं कोरी राहिली, त्यावर मी लिहिते. कोणाच्या हाती पडलीच तर आधी माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला कधी नीट उमगलं नाही, आणि अक्षर तर रेघ सोडून खाली घसरतं. चारचौघांत मला बोलताही येत नाही. गिऱ्हाईक आलं की मी चुलीकडं तोंड करून बसायची. पण एकदा माझ्या तोंडून चार शब्द गेले आणि त्यातून आमच्या घराची जमीन झाली. ज्यांचे उपकार झाले त्यांना समोर काही म्हणता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

आमचं घर पारनेरच्या बाजूला, बाजाराच्या गल्लीत. घर म्हणजे एकच लांबट खोली. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात यांचं शिलाई मशीन, कापड बेतायची फळी आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. मागच्या अर्ध्या भागात चूल, मांडणी, पाण्याचा रांजण. मधे भिंत नाही की पडदा नाही. बाकड्यावरच्या माणसाला चुलीपुढं थापली जाणारी भाकरी दिसायची आणि मला त्याच्या कमरेचं माप ऐकू यायचं. दोन भागांच्या मधे फक्त मातीचा एक बोटभर उंच बांध होता. आला-गेला त्यावरून ठेचकाळायचा आणि आमच्या यांना विचारायचा, "शिंपीबुवा, घरात शेती करताय का?"

तो बांध माझ्या सासूबाईंसाठी होता. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली होती. पण आत्याबाई कोणाचा हात धरून चालल्या नाहीत. दारातून आत आल्या की अनवाणी पाय सरकवत यायच्या, अंगठ्याला बांध लागला की थांबायच्या, पाय उचलून पलीकडं टाकायच्या आणि तिथून मोजून तीन पावलांवर चुलीपुढं बसायच्या. भाकऱ्या त्याच करायच्या. जाळ किती आहे ते हाताच्या उलट्या बाजूनं बघायच्या. मी आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "पोरी, पाय वाट दावत्यात तवर चूल माजी. ज्या दिशी मला कुनी धरून चुलीपाशी न्यावं लागंल, त्या दिशी मी कोपऱ्यात बसंन अन् मंग उठायची न्हाई."

सारवायचं कामही त्यांचंच. शेणाचा गोळा हातात घेऊन त्या मागं सरकत सारवत यायच्या. चुलीकडच्या भागात बोटांच्या कमानी उमटवायच्या आणि मशीनकडच्या भागात हात सपाट फिरवायच्या. मी डोळे असून माझ्या हातून जागा सुटायची. त्या तळवा फिरवून म्हणायच्या, "हितं कोरडं ऱ्हायलंय बघ." त्यांच्या पायांना त्या कमानी कळत असाव्यात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते पुढं कळलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गल्लीतल्या दोन म्हशी आणि शेजारची बैलजोडी होती तोवर शेणाची ददात नव्हती. जनावरं काही विकली गेली, काही छावणीला गेली, आणि शेण दिसेनासं झालं. पाणीसुद्धा अर्ध्या कोसावरून आणायचं, ते जमिनीला कुठून घालणार? आम्ही राख आणि पांढरी माती कालवून सारवून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिला भेगा पडल्या, चौथ्या दिवशी पोपडे निघाले. मशीनचा पाय हलला की धूळ उठायची आणि बेतलेल्या कापडावर बसायची. एका माणसाचा पांढरा सदरा आम्ही दोनदा धुऊन दिला. पिण्याच्या पाण्यानं सदरा धुताना माझा जीव तुटत होता. मी त्या दिवसांत पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होते. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर घरातही तलावाच्या कामाइतकीच धूळ.

आमच्या गावात एक ख्रिस्ती बाई शाळेत शिकवायच्या. एकट्याच राहायच्या. त्यांची पोलकी आमच्याकडं शिवायला यायची, मोठ्या बाहीची, पांढऱ्या कापडाची. एकदा त्या पोलकं न्यायला आल्या तेव्हा पाठीवर मातीचा हात उमटलेला दिसला. यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बाई, पैसे नका देऊ." बाईंनी पोलकं घडी करून पिशवीत ठेवलं. जमिनीकडं बघितलं, आत्याबाईंकडं बघितलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आल्या आणि रुमालात बांधलेले दीडशे रुपये फळीवर ठेवले.

"हे जमिनीसाठी," बाई म्हणाल्या. "फरशी घालून घ्या."

"बाई, एवढे कधी फिटायचे?"

"जमेल तसे दहा-दहा द्या. उपकार समजू नका. मला माझी पोलकी स्वच्छ हवीत."

कागद नाही, अंगठा नाही. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. पाणी तरी विचारावं, तेही मला सुचलं नाही.

आता कोणती फरशी घालायची यावर आमच्या घरात आठवडाभर बोलणं चाललं. यांना दोरे-बटणं आणायला नगरला जावं लागे, तिथं त्यांनी दुकानं पाहून ठेवली होती. त्यांच्या मनात नक्षीच्या सिमेंटच्या फरशा भरल्या होत्या. लाल फुलं, कडेनं पिवळी वेल. म्हणाले, "गिऱ्हाईक दारातच थांबून बघंल."

आत्याबाई म्हणाल्या, "फुलं किती पैशाला?"

यांनी सांगितलं.

"मंग माज्या वाट्याची फुलं वगळ. मला कुठं दिसायचीत?"

हे हसले, पण फुलं तिथंच राहिली. नुसता सिमेंटचा कोबा करावा तर चुलीच्या धगीनं तो तडकतो असं गवंडी मिस्त्री म्हणाले. शिवाय सिमेंट मिळवायला कोणाकोणाच्या पाया पडावं लागे. शेवटी शहाबादी फरशीवर ठरलं. स्वस्त, गार, आणि ओल्या फडक्यानं पुसली की झालं. यांनी नगरहून तिचा एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि आईच्या मांडीवर ठेवला. आत्याबाईंनी त्यावर तळवा फिरवला. मग जमिनीवर ठेवून त्यावर पाय ठेवून बघितला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "पन लई गुळगुळीत हाय. पायाला काई सांगत न्हाई."

"गुळगुळीत हाय म्हनून तर घ्यायची, आई!" हे म्हणाले.

मुलाला खर्चात अजून पाडायचं नाही म्हणून आत्याबाई गप्प बसल्या, आणि मी लाजेनं गप्प बसले. त्यांना काय म्हणायचं होतं ते घरात फक्त मला समजलं होतं. हा दोष माझाच आहे आणि तो मी इथं लिहून ठेवते.

मिस्त्रींनी सगळी खोली खणून मुरूम टाकला, धुमसला आणि पुढच्या भागात दोन दिवसांत फरशी बसवली. मागच्या भागाची फरशी अजून नगरहून यायची होती. मधला बांध पहिल्याच दिवशी कुदळीखाली गेला. ते दोन दिवस आत्याबाई शेजारणीकडं बसून होत्या, बांध गेल्याचं त्यांना सांगायचं कोणाला सुचलं नाही. मिस्त्री पाणसळ लावून मोठ्या समाधानानं म्हणाले, "पार चुलीपतुर एका लेव्हलला नेतो. पानी सांडलं तरी जागचं हलायचं न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रांजणापाशी होते. चुलीवर कालवणाचं भगुलं रटरटत होतं. आत्याबाई बाहेरून पाय धुऊन आल्या. फरशीवर पाय सरकवत आल्या, नेहमीसारख्या अंगठ्यानं चाचपत. फरशी संपून मुरूम लागला, तरी बांध लागेना. त्यांना वाटलं अजून पुढं आहे. त्या पुढं येत राहिल्या. मी वळून बघितलं तेव्हा त्यांचा पाय चुलीच्या विस्तवावर पडला होता आणि भगुलं कलंडलं होतं.

पाऊल भाजलं. रुपयाएवढा फोड आला. फार नव्हतं. मी त्यांना मागं ओढून बसवलं, पायाला कोरफडीचा गर लावला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "चूल हलवली का गं?"

मी कलंडलेलं भगुलं उचलून सरळ केलं.

त्या दिवसापासून आत्याबाई मशीनशेजारी पोत्यावर बसून राहिल्या. फोड बसला, कातडी निघाली, तरी उठल्या नाहीत. भाकऱ्या मी करू लागले. एकदा मी हात धरून म्हणाले, "चला, मी नेते." त्यांनी हात सोडवून घेतला. पहिल्या दिवशीचं त्यांचं बोलणं मला आठवलं. घरात फरशी चकचकत होती, येणारी गिऱ्हाइकं वाखाणत होती, आणि ज्यांचं घर त्या कोपऱ्यात बसल्या होत्या.

अशात एक दिवस गल्लीत हाक आली, "टाकीऽऽ, जात्याला टाकी, पाट्याला टाकीऽऽ!" जातं आणि पाटा वापरून गुळगुळीत झाले की छिन्नीनं त्यांना बारीक टोचे मारून घ्यायचे, त्याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावली की दगड पुन्हा धरतो. ही बाई दर वर्षी यायची, पाठीला छिन्नी-हातोड्याची झोळी. दुष्काळात दळायलाच नव्हतं, मग टाकी कोण लावणार? पण ती बिचारी दारात येऊन बसली म्हणून मी पाटा बाहेर काढला. तिनं ठक ठक करत अर्ध्या तासात पाटा खरखरीत केला. मी तो उचलून आत आणताना आत्याबाईंनी हात पुढं केला. पाट्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तो उचललाच नाही. बोटं एकेका टोच्यावरून फिरत होती, सारवताना फिरायची तशी.

मी तशीच बाहेर गेले. त्या बाईशी बोलायला मला लाज वाटली नाही, कारण तिथं पुरुष कोणी नव्हतं.

"जमिनीला टाकी लावशील का?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "जमिनीवर काय वाटायचंय गं बाये, मिरच्या?"

मी तिला आत्याबाई दाखवल्या. सगळं सांगितलं. ती आत आली, शहाबादीवर छिन्नीचं टोक टेकवलं आणि मान हलवली. "ह्या दगडाला पापुद्रं असत्यात. टाकी मारली का पापडावानी उडंल. काळा दगड पायजे, जात्याचा."

काळ्या दगडाचा स्वभाव मला माहीत होता. चार महिने मी त्याचीच खडी फोडत होते. तळहाताला घट्टे पडले होते.

संध्याकाळी मिस्त्री आले आणि हे त्यांच्याशी नगरच्या गाडीचं बोलू लागले. उरलेली शहाबादी परवा येणार होती. एकदा ती आली की संपलं. मी चुलीपाशी उभी होते. पदर दातात धरला होता. मी भिंतीकडं बघून म्हणाले, "चुलीकडं शहाबादी नको. काळा दगड घाला अन् टाकी लावून घ्या."

मिस्त्री म्हणाले, "आरं तिच्या, वहिनींना वाचा फुटली!" आणि हसू लागले. "वहिनी, लोक खरखरीत दगड घासून गुळगुळीत करत्यात. तुमी उलटंच."

यांचा चेहरा पडला होता. "अगं, अर्धी करडी, अर्धी काळी? गिऱ्हाईक म्हनंल शिंप्यानं घराला ठिगळ लावलं."

"म्हनू द्या," मी म्हणाले. "ठिगळ लावायचं तुमच्या हातातच हाय की."

हे मी कसं बोलले ते मला माहीत नाही. मिस्त्री मोठ्यानं हसले. यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोत्यावर बसलेल्या आईकडं बघितलं. आत्याबाईंनी मान वर करून कान आमच्याकडं दिला होता. हे उठले, दारात गेले, विडी पेटवली, अर्धी ओढून टाकून दिली आणि परत येऊन म्हणाले, "मिस्त्री, खाणीत काळ्या लाद्या मिळतील का?"

लाद्या मिळाल्या. शहाबादीपेक्षा स्वस्तही पडल्या, पण जड फार. बैलगाडीला बैल नव्हते, म्हणून हातगाडीवर चार खेपा केल्या. खडीच्या कामावरच्या तिघी जणी संध्याकाळी काम सुटल्यावर माझ्याबरोबर गाडी ढकलायला आल्या. दिवसभर हातोडा चालवून दुखणारे हात त्यांनी माझ्या घरासाठी लावले. त्यांना कामावर मिळणाऱ्या सुकडीचा एकेक लाडू करून दिला, त्याहून जास्त माझ्याकडं काही नव्हतं.

मिस्त्रींनी लाद्या बसवल्यावर टाकीवाली पुन्हा आली आणि तीन दिवस आमच्या घरात बसली. दाराकडून सुरुवात केली. दोन रंगांच्या सांध्यावर तिनं आधी एक पूर्ण ओळ खोल मारून घेतली, बोटाचं पेर बसेल अशी. मग चुलीपर्यंत बारीक टोचे. चुलीच्या अगदी समोर हातभर जागा मोकळी, तशीच गुळगुळीत ठेवली, म्हणजे तिथं पाय आला की कळावं आता बसायचं. ही शेवटची युक्ती तिची स्वतःची. मजुरी विचारली तर म्हणाली, "पैसं तुमच्याकडं न्हाईत, मला दिसतंय. दोन चोळ्या शिवून द्या. आजवर आयती चोळी अंगाला लागली न्हाई." यांनी तिचं माप घेतलं नाही, नुसतं बघून दोन चोळ्या शिवल्या, लाल कापडाच्या, आणि काखेला जास्तीचं कापड ठेवलं, हातोडा मारताना उसवू नये म्हणून. तिच्या मापाचं पान या वहीत नाही, म्हणून तिची आठवण मी लिहून ठेवते.

चौथ्या दिवशी मी आत्याबाईंना म्हणाले, "आत्याबाई, जमीन झाली." एवढंच. त्या बसून राहिल्या. मी माझ्या कामाला लागले. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही, म्हणजे बघत नाही असं दाखवलं. बऱ्याच वेळानं फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला. त्या हळूहळू आल्या. अंगठा खोल ओळीत गेला आणि थांबल्या. पाय उचलला. पलीकडं ठेवला. टोच्यांवर तळपाय मागं-पुढं घासून बघितला, लहान मूल वाळूत घासतं तसा. मग तीन पावलं. गुळगुळीत जागेवर आल्या आणि खाली बसल्या.

"पीठ कुठं ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

मशीनचा आवाज बंद झाला होता. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

त्या जमिनीचा त्रासही खूप झाला, ते लिहिलं नाही तर खोटं होईल. टोच्यांत पीठ बसायचं, तेल बसायचं, मुंग्या यायच्या. रोज नारळाच्या काथ्यानं घासून घासून माझी नखं झिजली. आत्याबाई म्हणायच्या, "दे, मी घासते, सारवायचं काम गेलंच हाय माजं." आणि खरंच त्या तळवा फिरवत घासायच्या आणि मला म्हणायच्या, "हितं ऱ्हायलंय बघ." गल्लीत आमच्या घराला टाकीचं घर म्हणू लागले. दुसऱ्या वर्षी मिस्त्रींनीच एका म्हाताऱ्या माणसाच्या न्हाणीत टाकीचा दगड बसवला आणि ही युक्ती स्वतःची म्हणून सांगितली. मला ऐकून हसू आलं. राग आला नाही.

शाळेच्या बाईंचे पैसे दहा-दहा करून देत होतो. कधी दोन महिने काही जमायचं नाही. बाईंनी एकदाही विचारलं नाही. हिशेब आत्याबाईंकडं होता. पंधरा चिंचोके त्यांनी एका डबीत ठेवले होते, दहा रुपये गेले की एक चिंचोका चुलीत टाकायच्या. दुष्काळ सरला, पाऊस झाला, कपडे शिवायला लोक येऊ लागले, तरी डबी रिकामी व्हायला दोन वर्षांच्या वर लागली.

शेवटचे दहा रुपये द्यायचे होते त्या दिवशी हे म्हणाले, "मी शाळेत नेऊन देतो." आत्याबाई म्हणाल्या, "नगं. बाईंला घरी बोलीव."

बाई आल्या. बाकड्यावर न बसता फरशीवरच बसल्या. नवं पोलकं अंगात होतं, पांढरं स्वच्छ. आत्याबाईंनी चहा केला. मी पुढं झाले नाही. त्या एका हातात कपबशी आणि एका हातात नोट घेऊन उठल्या, टोच्यांवरून आल्या, ओळीवर पाय थांबला, उचलला, आणि बाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. चहा सांडला नव्हता.

"घ्या बाई. पंधरावी."

बाईंनी आधी चहा घेतला आणि मग नोट. नोट चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवली. "आजी, सगळे फिटले," त्या म्हणाल्या.

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "पोरी, डबी आन."

मी डबी दिली. त्या स्वतःच चुलीपाशी गेल्या आणि शेवटचा चिंचोका विस्तवात टाकला. तो फट् करून फुटला, तेव्हा त्यांनी रिकामी डबी माझ्या हातात दिली.